चार नंबरच्या खोलीतला साप

आमच्याकडे थंडी आल्याचं आधी कोंबड्यांच्या शेडला कळतं, मग आम्हाला. शेडच्या दोन्ही अंगांना पोती शिवून केलेले पडदे आहेत. उन्हाळाभर ते वर गुंडाळून बांधलेले असतात. मग एखाद्या संध्याकाळी हे, म्हणजे आमचे मालक, दोऱ्या सोडतात, पडदे खाली येतात आणि वर्षभराची धूळ अंगणात उतरते. उद्यापासून भांडी घासताना बोटं बधिर होणार हे मला तेव्हा समजतं. दोन-चार दिवसांत धुई पडायला लागते. कंपन्यांचे दिवे धुईत पिवळट दिसतात, पहिल्या पाळीची माणसं कानाला रुमाल बांधून बसची वाट बघत उभी असतात, आणि कांद्याच्या वाफ्यांतून ओल्या मातीचा वास येतो. त्यात कोंबडखताचा वास मिसळलेला असतो. बाहेरून आलेली माणसं नाक मुरडतात. मुरडू देत. त्याच वासावर आमची चूल पेटते.

परवा पडदे सुटले. आणि मला तो साप आठवला.

मला साप आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की बाई मोठी प्राणिप्रेमी दिसते. कसली प्राणिप्रेमी! मला कुत्रंसुद्धा उंबऱ्याच्या आत चालत नाही. आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, आणि लांबडं दिसलं की मी आजही जागच्या जागी थिजते. पण मागच्या थंडीत एक लांबडं आमच्या घरात, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, राहिलं. त्याची आठवण आली की माझा दिवस वाया जातो. काम होतं, पण हाताला चव राहत नाही.

घरामागे आमच्या सहा खोल्या आहेत. पूर्वी त्या जागी मेथी-कोथिंबीर व्हायची. मग कंपन्या आल्या आणि भाजीपेक्षा भाडेकरू बरे उगवायला लागले. चार नंबरच्या खोलीत एक मुलगा राहायचा. लांबच्या राज्यातला, कंपनीत क्वालिटीला होता. मला आंटी म्हणायचा, पाणी जपून वापरायचा, मोठ्यानं गाणी लावायचा नाही. एकदा त्यानं टेम्पोतून मोठी काचेची पेटी आणली. मी विचारलं तर म्हणाला, "फिश टैंक है आंटी." असतील मासे, म्हटलं. कुणाला कशाची हौस असते, कुणाला कशाची. आपण खोलीत डोकावत नाही, ती आपली पद्धत नाही.

दिवाळीला तो गावाला गेला आणि परत आलाच नाही. फोन लागेना. तुळशीची लग्नं झाली, चंपाषष्ठी झाली, तरी दाराला कुलूप. नवीन माणूस खोली बघायला येणार म्हणून ह्यांनी एक दिवस कुलूप काढलं. मी अंगणात मटार सोलत होते. आतून ह्यांचा आवाज आला.

"अगं, इकडं ये जरा. एकटीच ये."

खोलीत बंद वास होता, ओल्या पायपुसण्यासारखा. गादी गुंडाळलेली, खिळ्याला एक शर्ट तसाच. कोपऱ्यात ती काचेची पेटी. पाण्याची वाटी कोरडी ठणठणीत. आणि पेटीच्या टोकाला, काचेला नाक लावून, एक साप वेटोळं करून बसलेला. त्याचा मूळ रंग काय ते कळत नव्हतं. अंगावर जुनी कात तुकड्यातुकड्यांनी चिकटून राहिली होती, भिंतीचा रंग पोपडे धरून सुटतो तशी. पाठीचा कणा वर आला होता. डोळे पांढरे, बुबुळ दिसतच नव्हतं.

"मेलंय त्ये," मी दारातूनच म्हटलं.

"न्हाई. बघ, कूस हालतीय."

कूस हलत होती. बराच वेळ थांबून एकदा.

आमच्या इथं कंपन्यांत, गोठ्यात साप निघाला की धरायला येणारा एक सर्पमित्र आहे. त्याला बोलावलं. त्यानं तो साप हातात घेतला, तोंड उघडून पाहिलं, शेपूट चाचपली आणि मान हलवली. "काकू, ह्यो आपल्याकडचा न्हाई. परदेशातला अजगर हाय, ल्हान जातीचा. इख न्हाई त्याला. लोकं हौसेनं पाळत्यात."

"मग न्या की रानात सोडा."

"सोडता येत न्हाई. आपल्या मातीतलं जनावर न्हाई त्ये. आन् सोडलं तरी ही थंडी त्याला सोसायची न्हाई." तो वनखात्याला कळवतो म्हणाला. पण असल्या सापाला ठेवायला जागा मिळणं अवघड असतं, हेही त्यानं सांगितलं. "तवर तुमच्याकडं ऱ्हाऊ द्याल का?"

"ऱ्हाऊ दे," हे म्हणाले. मला विचारलंसुद्धा नाही. मी रागानं बघितलं, तर ह्यांचं लक्ष सापाकडे.

आता ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. ह्यांचं काम पिल्लं वाढवायचं. कंपनीची पिल्लं, कंपनीचं खाद्य, आमची शेड आणि आमचे हात. पिल्लू येतं तेव्हा मुठीत मावतं, पिवळं जर्द, कापसाचं बोंड. ते वाढतं, पांढरं होतं, पाय जाड होतात, आणि दीड-एक महिन्यात गाडी येते. जाळ्या, क्रेट, पंखांची फडफड, आणि तासाभरात शेड रिकामी. गाडी येते त्या दिवशी हे दुपारी जेवत नाहीत. वीसेक वर्षं हाच धंदा करतोय, सवय व्हायला हवी होती. मी चिडवते, कोंबड्यांचं सुतक पाळता का म्हणून. हे हसतात आणि ताट सरकवतात.

त्या संध्याकाळी सापाची पेटी घरात आणून ठेवल्यावर हे म्हणाले, "ह्यो एक तरी गाडीत जानार न्हाई." मी तेव्हा हे बोलणं कानाआड केलं. पण सगळं त्यातच होतं. ह्यांना एक जीव असा हवा होता जो वाढवायचा आणि न्यायला कुणी यायचं नाही.

त्या मुलाचा फोन एकदाचा लागला. मी तोंड सोडायच्या तयारीतच होते. तो म्हणाला, "सॉरी आंटी, घर पे प्रॉब्लेम हो गया. आप किसी को दे दो ना. बहुत सीधा है वो." सीधा आहे म्हणे. ओरडत नाही, चावत नाही, काही मागत नाही, म्हणून सीधा. म्हणूनच तर त्याला पेटीत ठेवून गावाला जाता आलं. कुत्रं असतं तर भुंकून भुंकून सगळी आळी गोळा केली असती. मी फोन ठेवला.

पिल्लं कशी जगवायची हे ह्यांच्याइतकं चांगलं आमच्या भागात थोड्यांना येतं. हे मी बायको म्हणून सांगत नाही. नवीन बॅच आली की शेडमध्ये गोल कडं करतात, खाली भाताचं तूस अंथरतात, वर तारेला पिवळे बल्ब टांगतात. मग बघत बसायचं. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्यायचा. लांब कडेला पळाली तर भाजतंय, बल्ब वर घ्यायचा. सगळीकडे पसरून दाणे टिपायला लागली की ऊब बरोबर. हे दारात उभं राहून नुसत्या चिवचिवाटावरून सांगतात, कुठल्या कोपऱ्यात गार लागतंय.

सापाची पेटी ह्यांनी तश्शीच लावली. नवं कोरं तूस, बाहेरून पोतं गुंडाळलेलं, आणि वरून तारेला एक बल्ब. साप आधी तसाच पडून होता. मग हळूहळू सरकत सरकत बल्बखाली आला आणि वेटोळं घालून बसला. ह्यांचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं.

"बघ, थंडी वाजत व्हती गड्याला."

तेव्हापासून त्याचं नाव गडी पडलं. दुसऱ्या दिवशीही गडी बल्बखालीच. म्हणजे थंडी वाजतेच आहे. ह्यांनी बल्ब थोडा खाली घेतला. गडी हलला नाही. अजून खाली घेतला. मी भाजी चिरता चिरता बघत होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गारठा होताच तसा. सकाळी खोबरेल तेलाची बाटली चुलीपाशी ठेवावी लागायची.

त्या दिवसांत आमचं घर जरा वेड्यासारखंच वागत होतं. ह्यांनी वाटीत पाणी ठेवलं, आणि गडी तोंड बुडवून पाणी प्यायला. साप पाणी कसा पितो हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. जबडा नुसता बारीक हलत होता, आवाज नाही काही नाही, आणि आम्ही दोघं टीव्ही बघावा तसे समोर बसलेलो. ओलं फडकं गुंडाळून ठेवल्यावर त्याची कात सुटायला लागली. एका दुपारी डोळ्यावरचा पांढरा पापुद्रा निघाला आणि खाली काळाभोर, टपोरा डोळा. अंगावर गुळाच्या रंगाचे डाग उठून दिसले, दोन डागांच्या मध्ये गर्द तपकिरी. देखणा होता. मला साप आवडत नाही, पण खोटं कशाला बोलू, देखणा होता.

शेजारची नंदा आली. ती माझ्यापेक्षा लहान, पण देवाधर्माचं तिचं सगळं माझ्याहून थोर. हातात दुधाची वाटी आणि हळदी-कुंकवाचा करंडा.

"वहिनी, नागोबा आपल्या पायानं घरी आला. भलं व्हनार तुमचं."

"पायानं कसा येईल? आन् नागोबा न्हाई, अजगर हाय. दूध मांजराला घाल."

ती ऐकणारी नव्हे. दूध मी घालू दिलं नाही, तर तिनं काचेवर कुंकवाची दोन बोटं ओढली आणि हात जोडले. मग हळूच विचारलं, "खातो काय ह्यो?"

तोच तर प्रश्न होता. गडी खात नव्हता. शेडमध्ये रोज दोन-चार पिल्लं मरतात, त्याला आमच्यात मर म्हणतात. ह्यांनी त्यातलं ताजं पिल्लू आणून समोर ठेवलं. त्यानं मान वळवली. मग उंदीर. तर सगळ्या आळीत उंदरांना औषध घातलेलं, कुठला उंदीर काय खाऊन आलाय याचा भरवसा नाही. तो नाद सोडला. हाडं वर दिसत होती ती तशीच दिसत राहिली.

एका दुपारी लाईट गेली. पेटी गार पडायला लागली म्हणून ह्यांनी गड्याला उचलून स्वेटरच्या आत घेतलं. आणि मग म्हणाले, "अगं, ह्याच्या अंगाला काय लागतंय बघ." मी जवळ गेले. इतकी जवळ मी पहिल्यांदाच गेले. वेटोळ्याच्या वरच्या बाजूला, बल्ब जिथे लागायचा तिथे, खवले तपकिरी होऊन आक्रसले होते. मध्ये फोड आले होते, काही फुटून ओले झालेले. भाजलं होतं. किती दिवसांपासून कोण जाणे. तो तिथंच बसून राहिला होता.

दौंडकडे एक जनावरांचे डॉक्टर आहेत, ते सापही तपासतात, असं सर्पमित्रानं सांगितलं. आम्ही सकाळी ऊन वर आल्यावर निघालो. गडी उशीच्या अभ्र्यात, अभ्रा ह्यांच्या स्वेटरच्या आत, वरून जर्किन. मोटारसायकलवर मी मागे बसलेली. न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकामागे एक, त्यांच्या मागून जाताना उसाचं पाचट अंगावर उडायचं. ऊस तुटला की बिबट्याची भीती कमी होते, म्हणून बायका रस्त्याच्या कडेला मोकळ्या मनानं गवत कापत होत्या. पुढे गुऱ्हाळं लागली. काहिलीतल्या गुळाचा वास इतका दाट की तोंडाला चिकटेल. त्या वासात मला वाटलं, सगळं नीट होईल. असं का वाटलं माहीत नाही. चांगला वास आला की माणूस भलतंसलतं मानायला लागतो.

डॉक्टरांनी शांतपणे सगळं पाहिलं. रागावले नाहीत. म्हणाले, "पिल्लू भाजलं की पळतं. हा पळत नाही. ह्याला वरून भाजलेलं लवकर उमगत नाही, ऊब मिळतेय म्हणून तिथंच बसून राहतो. तूस काढा, जखमेत जातं. बल्ब काढा. ऊब बाहेरून द्या, एका बाजूनं." मलम दिलं. पुण्याहून लहान उंदीर मिळवायची सोय सांगितली, मेलेले, बर्फात ठेवलेले. "जगेल का?" मी विचारलं. ते म्हणाले, "आधीच फार खंगलाय. बघू."

डॉक्टर बघू म्हणाले की काय समजायचं ते आपल्याला कळत असतं.

 परतताना न्हावऱ्याला चहाला थांबलो तेव्हा हे पेल्याकडे बघत म्हणाले, "मी त्याला पिल्लू समजलो गं." वीस वर्षं हाताला जे वळण लागलं, त्याच वळणानं हात गेला. दुसऱ्या कुणी बल्ब टांगून सोडून दिला असता, हलवलाच नसता. ह्यांनी काळजी केली म्हणून रोज खाली घेतला. मला हे फार लागलं. अजून लागतं. माणसानं हयगय करून बिघडवलं तर निदान शिव्या तरी घालता येतात.

मग दिवस भाकरीसारखे रोजचेच झाले. गरम पाण्याच्या बाटल्या पेटीच्या बाहेरून लावायच्या, गार झाल्या की बदलायच्या. मलम हे लावायचे, मी अभ्रे धुवायची. भोगीच्या दिवशी, मी बाजरीच्या भाकरीला तीळ लावत होते तेव्हा, पेटीकडून ह्यांनी नुसता हात वर करून मला गप्प राहायची खूण केली. ऊन पाण्यात कोमट केलेला उंदीर ह्यांनी चिमट्यानं धरला होता. गड्यानं मान उचलली, जीभ काढली, परत काढली, आणि धरला. हळूहळू गिळला. आम्ही श्वास घेतला नाही. त्या दिवशी हे लेकुरवाळी भाजी आणि तीन भाकरी जेवले. मी नंदाला हाक मारून सांगितलं. संक्रांतीला वाण घेऊन आलेल्या प्रत्येक बाईला सांगितलं. तिळगूळ हातावर ठेवायचा आणि सांगायचं, खाल्लं त्यानं. बायका माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायच्या.

संक्रांत उलटल्यावर चार-दोन दिवसांत गड्यानं तो उंदीर उलटून टाकला. तसाच्या तसा, सडलेला. तो वास मी सांगत बसत नाही. मी पेटी धुतली आणि धुताना मला रडू आलं. मला सापासाठी रडू यावं, हे मलाच पटत नव्हतं.

त्यानंतर त्यानं काही खाल्लं नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं ते केलं. काही उपयोग होत नव्हता, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. त्याचं वजन हातात येईनासं झालं. हे पेटीपाशी बसून त्याच्याशी शेडमधलं बोलायचे. आज खाद्य आलं, आज पाण्याची लाईन तुंबली, असलं काहीतरी. मी एकदा म्हटलं, "अहो, त्याला कान न्हाईत म्हनं." तर म्हणाले, "म्हनूनच बोलतो."

थंडी उतरायला लागली होती. दुपारी पडदे अर्धे वर जायचे, शेवग्याला फुलं आली होती. आता ऊब बाटल्यांत भरून द्यायची गरज राहिली नव्हती. आणि त्याच दिवसांत एका सकाळी गडी वेटोळं सोडून, सरळ, लांबच्या लांब पडलेला दिसला. जिवंत असताना मी त्याला कधी इतका लांब पाहिला नव्हता.

नंदा म्हणाली, अग्नी द्या, सापाला अग्नी देतात. हे ऐकलं न ऐकलंसं करून कांद्याच्या वाफ्यापलीकडे गेले. मेलेल्या पिल्लांसाठी शेडमागे खड्डा आहे, तिथे नाही. वेगळी जागा खणली, आणि अभ्र्यासकट ठेवला. सर्पमित्राला कळवलं, त्यानं पुढे वनखात्याला सांगितलं. माती ओढून झाल्यावर हे तडक शेडमध्ये गेले, कारण पिल्लांची पाण्याची वेळ झाली होती.

एवढंच. ह्यात गोष्ट अशी काही नाही. वर्ष फिरलं, धुई परत पडायला लागली. चार नंबरमध्ये आता नवरा-बायको राहतात, त्यांचं तान्हं बाळ रात्रंदिवस रडतं, आणि मला त्या रडण्याचा बाकीच्या भाडेकरूंसारखा राग येत नाही.

आणि काल त्या मुलाचा फोन आला. ह्यांच्या फोनवर, सकाळी नाष्ट्याच्या वेळी. हे नुकतेच शेडमधून आले होते. मी भाकरी थापत होते. त्याला पुण्यात नोकरी लागली होती, मोठी जागा मिळाली होती. स्पीकर चालू होता, आवाज खुशीत होता.

"अंकल, वो मेरा स्नेक... अभी है क्या आपके पास?"

माझ्या तोंडात शिवी तयार होती. मी पिठाचे हात तसेच घेऊन उठले, फोन द्या म्हणून. ह्यांनी दिला नाही.

"है ना," हे म्हणाले.

"अच्छा! खाता है?"

"खाता है. मोटा हुआ अभी."

"तो अंकल, मैं संडे को आके ले जाऊँ?"

"नहीं," हे म्हणाले. "नहीं देगा. हमारा है अभी वो."

तिकडून तो काहीतरी बोलत राहिला. ह्यांनी फोन कापला आणि उताणा खाली ठेवला. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती मी उलटली. 

मग हे म्हणाले, "आन् रविवारी आलाच तर? काय सांगायचं?"

मी म्हटलं, "सांगू, झोपलाय. थंडीचं झोपत्यात त्ये."